अर्जात मुंबई लिहिली आहे

दादर, मुंबई
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा आईने मागून "जेवलीस का?" असे विचारले, की पुढचे शब्द घशातच राहिले. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. मे महिन्यातल्या इंटर्नशिपसाठी मी वकिलांच्या एका फर्मकडे गेल्या सोमवारी अर्ज पाठवला. फर्मच्या कोणत्या शहरातल्या कचेरीत काम करायचे, असा त्यात एक रकाना होता आणि एकच नाव लिहायची मुभा होती. तिथे मी पुणे लिहिले नाही, मुंबई लिहिली.

बाबा, तुमच्या मनात कोल्हापूर होते हे मला ठाऊक आहे. गेल्या १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, त्या दिवशी स्टेंट बसवून महिनाही झाला नव्हता, तरी तुम्ही टीव्हीसमोरून हलला नाहीत, आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणालात, "आता रत्नागिरीची अपिले कोल्हापूरला, आपल्या माणसाला मुंबई गाठायला नको." ज्याने आपल्या कोर्टात नाझराच्या टेबलावर बसून किती पक्षकारांना मुंबईच्या गाडीची वेळ सांगितली, त्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे मला पुरते कळले होते. त्यातल्या 'आपल्या माणसात' मीही होते, हेही कळले होते. तेव्हा मी काहीच बोलले नाही, ते चुकले. तेव्हाच बोलायला हवे होते.

कोल्हापूर मी का लिहू शकले नाही, ते आधी सांगते. तिथे अपिले आणि रिट अर्ज चालतील आणि चांगले चालतील. पण ज्या प्रकारचे काम मला शिकायचे आहे, ते करणाऱ्या या फर्मची कचेरी तिथे नाही. पुण्याला आहे. तिथे जमिनीचे, कारखान्यांचे आणि आयटी कंपन्यांचे काम मोठे आहे आणि ते हलके आहे असे मी कधीच म्हणणार नाही. माझ्या वर्गातले निम्मे जण दिल्लीकडे डोळे लावून आहेत, कारण सर्वोच्च न्यायालय, कंपन्यांच्या अपिलांचे मुख्य पीठ आणि स्पर्धा आयोग तिथे आहे. नव्या कंपन्यांच्या गुंतवणुकीचे काम हवे असलेले बंगळुरू लिहितात. मला बँकांच्या कर्जाचे काम हवे आहे. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय फोर्टात, स्टेट बँकेचे नरिमन पॉइंटला, सेबीचे वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि कर्ज बुडाले की कंपनीचे प्रकरण जिथे जाते त्या कंपनी न्यायाधिकरणाची पीठे कफ परेडला. कर्ज देण्यापासून ते बुडण्यापर्यंतचा सगळा कागद या एका शहरात फिरतो.

हे काम मी कुठून डोक्यात घेतले, असे आई विचारील. बँकेच्या कर्जविभागात मी सहा वर्षे काढली, त्यातला एक दिवस माझ्या मनातून जात नाही. एक वयस्कर गृहस्थ आपल्या जागेची मूळ कागदपत्रे गहाण ठेवायला आले होते. अशा गहाणात कागद नुसते बँकेच्या हाती द्यायचे असतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात, असे गहाण जिथे करता येते ती कोलकाता, मद्रास आणि मुंबई ही शहरे नावानिशी दिली आहेत, आणि बाकीची सरकारने नंतर अधिसूचनेने जोडली. त्या गृहस्थांनी खरेदीखत पुढे सरकवले, पण त्याच्या कोपऱ्यावरून बोट उचलले नाही. आमचे साहेब थांबले, कोणीच काही बोलले नाही, आणि मग त्या गृहस्थांनी हळूच हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मी त्याची नोंद टंकली, "अमुक गृहस्थ काल शाखेत आले आणि त्यांनी कागद ठेवले," अशी, भूतकाळात. ती भूतकाळातच का लिहायची, हे बँकेच्या वकीलबाईंनी मला समजावले: गहाण त्या हात मागे घेण्याने झालेले असते, नोंदीने होत नाही. बाबा, त्या क्षणी मला आपल्या माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली आणि नोकरी सोडून कायदा शिकायचे मी ठरवले. दादाला वाटते तसे ते कंटाळ्यापोटी नव्हते.

आता जे लपवून चालणार नाही, ते लिहिते. बार कौन्सिलच्या नियमाने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. पहिले चार आठवडे मी गेल्या मे महिन्यात आपल्याच कोर्टात केले, तेव्हा आईने रोज सकाळी घावने घातले आणि मी महिन्याभरात दोन किलोंनी वाढले. "या वेळीही चार आठवड्यांचाच प्रश्न आहे," असे मी तुम्हाला सांगू शकले असते, पण ते पूर्ण खरे झाले नसते. ज्या कचेरीत मुले काम करतात, तिथलीच वरिष्ठ मंडळी त्यांना पारखतात, आवडली तर पुन्हा बोलावतात, आणि नोकरीची जागाही बहुधा त्याच कचेरीतली असते. म्हणजे त्या रकान्यात लिहिलेले शहर हे पुढच्या पाच-सात वर्षांचेही शहर असू शकते. निवड होईल की नाही ते मार्चपर्यंत कळेल. पण होऊन गेल्यावर सांगण्यापेक्षा हे आधी सांगावे, असे मला वाटले.

आणखी एक गोष्ट बाबांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये. ती कचेरी लोअर परळला आहे, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तात्या कामाला होते ती गिरणी नव्हे, पण तिच्यापासून चालत दहा मिनिटांवर. १९८२ च्या गिरणी संपानंतर आपल्या घरात जे झाले, तेव्हापासून मुंबईचे नाव निघाले की तुमचा घास थांबतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. मी परवा त्या रस्त्याने मुद्दाम चालत गेले. तात्यांच्या चाळीचा जिना अजून आहे. तुम्ही कधी आलात तर मी तुमच्याबरोबर येईन, नाही आलात तरी आग्रह धरणार नाही.

अंतराचाही मी खूप विचार केला आहे. नकाशावर कोल्हापूर जवळ आहे, पण आंबा घाटात पावसाळ्यात काय होते ते आपण पाहिले आहे. आणि पुण्याहून आपल्याकडे यायचे तर एसटीने घाट उतरायचा, नाही तर रेल्वेने पनवेलचा वळसा घालायचा. मुंबईहून शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसले, की पहाटे मी आपल्या दारात असते. माझी काळजी करू नका. खोलीत आम्ही तिघी आहोत, डबा एका मालवणी बाईंकडून येतो, त्यात आठवड्यातून दोनदा तांदळाची भाकरी असते, आणि आई, तुला भरउन्हाळ्यातल्या काळ्या कोटाची धास्ती वाटते तो कोट मला कचेरीत घालावा लागणार नाही. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून तिकडे गर्दी वाढली आहे, पण मी दादरहून दोन स्टेशनांचे अंतर लोकलने जाईन, किंवा उशीर नसेल तर चालत.

बाबा, सुट्टीत तुम्ही मला कोर्टात नेत होता, रेकॉर्ड रूममध्ये बस्त्यांच्या ढिगाशेजारी बसवत होता, आणि लाल फितीची शेवटची गाठ मला मारू देत होता. ती सैल राहिली तर तुम्ही ती मला न दाखवता पुन्हा आवळत होता, हे मला फार उशिरा कळले. वितळलेल्या लाखेचा वास आला की मला अजूनही तुमच्या सदऱ्याची आठवण होते. अर्ज पाठवताना तुम्ही शेजारी असायला हवे होतात, असे फार वाटले.

आता माझे ऐका. रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. पापड, लोणचे, सुकट यांना बाबांच्या ताटात जागा नाही, आणि आई, तू "थोडेसेच" म्हणून वाढू नकोस. रहाटाने पाणी काढायचे नाही, पंप त्यासाठीच बसवला आहे. माळ्यावर दोघांपैकी कोणीही चढायचे नाही. पेटीतले कागद हवे असतील तर मी आल्यावर काढीन. दवाखान्याची सगळी फाईल एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा आणि शेजारच्या काकांना ती कुठे आहे ते दाखवून ठेवा. रागावून लिहीत नाही. लांब असले की माणूस सूचनाच करत बसते.

संक्रांतीचा तिळगूळ कालच कुरिअरने पाठवला आहे. आईसाठी वेगळा, बिनसाखरेचा डबा आहे, त्यावर नाव लिहिले आहे. बाबा, मुंबईबद्दल तुमचे मन अजून मानत नसेल तर तसे मला स्पष्ट सांगा, मी ऐकून घेईन. अर्ज मागे घेईन असे मात्र म्हणत नाही. तातडीच्या संपर्कासाठी त्यात तुमचा नंबर दिला आहे, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला.

शुक्रवार, २३ तारखेच्या कोकणकन्येचे तिकीट काढले आहे. स्टेशनावर येऊ नका, पहाटे गारठा असतो.

तुमची,
सुमी