इसार देण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर,
दि. ९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रविवारी फोनवर धाकट्याच्या फेब्रुवारीतल्या लग्नासाठीच्या डीजेचा विषय निघाला आणि अर्ध्यातच राहिला. बाबा, फोनवर तुम्हाला माझे निम्मे शब्द लागत नाहीत आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणून वेळ मारून नेता, हे मला ठाऊक आहे. आईजवळ निरोप ठेवावा, तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत ती तो इतका मऊ करते की मूळ म्हणणे काय होते तेच कळेनासे होते. म्हणून हे पत्र. आई, तू वाचून झाल्यावर ते बाबांच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस.

धाकट्याने ज्या डीजेवाल्याचे नाव धरले आहे, त्याने आदल्या रात्रीची हळद, लग्नाच्या दिवशी परभणीतला परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, आणि रात्री गावातली वरात, असे तिन्ही मिळून ६०,००० रुपये सांगितले आहेत. चार टॉप म्हणजे वरच्या आवाजाचे बॉक्स, चार बेस म्हणजे दणक्याचे बॉक्स, वर लाइटची ट्रस आणि लेझर. पाच हजार इसार घेऊन तो तारीख धरून ठेवायला तयार आहे आणि येत्या बाजाराच्या दिवशी तुम्ही तो देणार आहात, असे आईकडून कळले. माझी विनंती आहे की तो इसार देऊ नये आणि वाजवण्याचा सगळा खर्च मिळून २२,००० रुपयांच्या वर जाऊ देऊ नये. डीजे नकोच असे माझे म्हणणे नाही. पोरांना नाचायचे आहे, त्यांनी नाचावे; मीही नाचेन.

सोयाबीनचा यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. त्या भावाने ६०,००० रुपये म्हणजे सव्वाअकरा क्विंटल होतात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर आपल्याला एकरी जेमतेम चार क्विंटलचा उतारा पडला, म्हणजे जवळजवळ तीन एकरांचे पीक डीजेच्या त्या एका ट्रॉलीवर चढते. आणि तेही हमीभावाने धरले तर, कारण आडतीवर ओलाव्याचे कारण सांगून तुम्हाला त्याहून किती कमी भाव लावला, हे तुम्ही मला सांगितलेलेच आहे. त्या तीन एकरांचे बियाणे, खत, फवारणी आणि काढणीची मजुरी मी यात धरलेली नाही. ती धरली तर हिशेब आणखी वाईट होतो आणि मग हे पत्र भांडणासारखे वाटू लागेल.

बाबा, तुमच्या मनात काय आहे ते मी ओळखते, म्हणून स्पष्टच लिहिते. माझे लग्न २०१४ साली झाले. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने आपला हरभरा आणि गहू झोपवला आणि एप्रिलमध्ये तुम्ही मांडव घातला. एक माइक, दोन भोंगे आणि कॅसेटवरची सनई, एवढ्यावर ते कार्य पार पडले. तुम्हाला त्याची सल आहे आणि धाकट्याच्या लग्नात ती भरून काढायची आहे. मला तेव्हा काहीच वाटले नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल, सासरच्या मुलींनी "बँडसुद्धा नाही का?" असे विचारले होते आणि मला ते लागले होते. पण त्या गोष्टीला बारा वर्षे होत आली. या काळात तुम्ही माझ्या बाळंतपणाला, घराच्या हप्त्याला, प्रत्येक अडचणीला धावून आलात. त्या एका संध्याकाळची भरपाई माझ्या भावाच्या लग्नात टॉप-बेस लावून करण्याची गरज नाही, आणि माझ्या नावाने तर मुळीच करू नये.

आता तासांचा हिशेब, कारण मला वाटते की डीजेचा खर्च बॉक्स मोजून ठरवण्याऐवजी तास मोजून ठरवायला हवा. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती लिहिलेली आहे आणि दिवसा वाजवण्यासाठीही लेखी परवानगी लागते. आपल्याकडे हळद सहाला म्हटली तरी माणसे वावरातून येऊन, हातपाय धुऊन, मांडवात बसेपर्यंत साडेसात होतात. म्हणजे तिथे अडीच तास. परण्या दीड तास. बारा पस्तीसचा मुहूर्त आपल्याकडे दोनला लागतो, मग पंगती, मग पाठवणी, मग परभणीहून गाड्या निघणार. नवरी वेशीवर येईल तेव्हा नऊ वाजलेले असतील आणि वरातीला उरेल तो एक तास. तिन्ही मिळून पाच तास झाले. ६०,००० भागिले पाच, म्हणजे तासाला बारा हजार रुपये. दहानंतर वाजवून पैसे वसूल करू, असे धाकट्याचे मित्र म्हणत असतील, तर पोलीस आल्यावर ठाण्यात त्यांच्याऐवजी तुम्हाला जावे लागेल, कारण परवानगीच्या अर्जावर सही तुमची असणार.

दुसरी गोष्ट आवाजाची. मी नववीच्या वर्गाला दरवर्षी ध्वनीचा धडा शिकवते, म्हणून हे मला माहीत आहे, आणि डीजेवाल्यालाही ते माहीत असते, फक्त तो सांगत नाही. साउंडची शक्ती दुप्पट केली की आवाज दुप्पट होत नाही. तो तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तेवढा फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असे वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणून दोन टॉप-दोन बेस आणि चार टॉप-चार बेस यांच्यातला फरक डोळ्यांना मोठा दिसतो, फोटोत तर फारच मोठा दिसतो, पण मारुतीच्या पारावर उभ्या असलेल्या माणसाला तो फारसा कळणार नाही. खरे सांगायचे तर लहान संचसुद्धा राहत्या वस्तीसाठी ठरवलेल्या दिवसाच्या ५५ डेसिबलच्या मर्यादेत बसत नाही. निदान तो आवरता येतो. आपली गल्ली अरुंद, घरे पत्र्याची. समोरच्या काकांची मुलगी बारावीला आहे आणि फेब्रुवारीत तिची परीक्षा आहे. ते काका स्वतः होऊन आपल्याला काही बोलणार नाहीत, म्हणून आपणच विचार करायला हवा.

आणि बाबा, तुमचे कान. तुम्ही रागवाल, तरी लिहिते. मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही बावीस वर्षे काढलीत. तिथल्या आवाजाने तुमच्या कानांतल्या ज्या बारीक पेशी गेल्या, त्या परत उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो, त्यामुळे बोलण्यातले स, श, फ, थ असे वर्ण गळतात. माणूस बोलतो आहे हे ऐकू येते, पण काय बोलतो ते लागत नाही. तुमचे नेमके हेच झाले आहे. डीजेचा बेस तुम्हाला छान ऐकू येतो, तो छातीत जाणवतो आणि तुम्हाला बरे वाटते, कारण फार दिवसांनी तुम्हाला एखादा आवाज पूर्ण मिळालेला असतो. मागच्या वर्षी चुलतभावाच्या हळदीत तुम्ही बेसच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसला होतात, तेव्हा मला हे उमगले आणि फार गलबलून आले. पण ८५ डेसिबलचा आवाज जिथे आठ तास सोसता येतो असे मानतात, तिथे १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच धरतात, आणि तशा रचलेल्या साउंडसमोर शंभर सहज भरतात. जे पोर त्या दिवशी तुमच्या मांडीवर बसले होते, त्याचे वय चार वर्षांचे होते.

आई, त्याच हळदीत तू आणि आत्या घाणा भरायला बसला होतात. आत्याने पहिली ओळ धरली आणि ऑपरेटरने साउंड चेक सुरू केला. तुमचे ओठ हलत होते, पण आम्हाला काही ऐकू आले नाही. आत्या हसून उठली आणि म्हणाली, "चालू द्या त्यांचं." तिला ती सगळी गाणी येतात, तिच्यानंतर आपल्या घरात ती पूर्ण कुणालाच येत नाहीत, मलाही नाही. यंदा डीजे सुरू होण्याआधी तो एक तास बायकांचा राहावा, एवढे तू धाकट्याकडून कबूल करून घे. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवणार आहे.

मी इकडून चौकशी केली ती अशी. सेलूकडचा एक जण पिकअपवर दोन टॉप-दोन बेस आणि साधे लाइट घेऊन हळदीच्या रात्रीपुरता १३,००० रुपयांत यायला तयार आहे. परण्याला डीजे नकोच. हलगी, ताशा आणि सनई असा पाच जणांचा ताफा ६,५०० रुपयांत मिळतो आहे. कार्यालयाच्या रस्त्यावर दवाखाना आहे आणि दवाखान्याभोवती शांतता क्षेत्र ठरवलेले असेल, तर त्या शंभर मीटरच्या आत हलगीसुद्धा वाजवता येत नाही, पण हलगीवाल्याला हात करून थांबवता येते. डीजेची ट्रॉली एकदा त्या रस्त्यात शिरली की पुढची पोरे ती थांबू देत नाहीत. उरलेले २,५०० रुपये डिझेल आणि बक्षिशी यांसाठी. वरातीला मी काहीही धरलेले नाही. नवरी दमलेली असेल. तिला घरात घेऊन, माप ओलांडू देऊन जेवायला बसवू.

ज्या कोणाशी ठरेल, त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्यावे: किती वाजता येणार, किती वाजता बंद करणार, जनरेटरचे डिझेल कोणाचे, जास्तीच्या तासाचे किती, आणि परवानगी मिळाली नाही किंवा पोलिसांनी मध्येच बंद करायला लावले तर पैशांचे काय. साठ हजारवाल्याने डिझेल वेगळे सांगितले होते, हे धाकट्याने तुम्हाला सांगितले की नाही, मला माहीत नाही. जनरेटर मात्र असायलाच हवा. तारेवर आकडा टाकून साउंड चालवला आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली, तर रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या चालू असताना सारे गाव आपल्याला शिव्या देईल, आणि त्या रास्तच असतील.

धाकट्याशी मी वेगळे बोलले आहे. तो चिडला. "ताई, एकदाच लग्न होतं," असे म्हणाला, आणि मित्रांच्या लग्नांत तो नाचला आहे, तर त्यांना आता काय तोंड दाखवू, असेही म्हणाला. त्याचे हे म्हणणे मला अगदीच गैर वाटत नाही. त्याला मी सांगितले आहे की हळदीचे १३,००० रुपये माझ्याकडून आहेर म्हणून असतील, आणि त्याच्या मित्रांना लेझर हवाच असेल तर त्यांनी वर्गणी करून आणावा. फक्त त्याचा झोत माणसांच्या डोळ्यांवर येऊ नये. यावर तो गप्प बसला. मी तो होकार समजते आहे, तुम्हीही तसेच समजा.

भावकीचे मात्र तुम्हालाच निभवावे लागेल. "मुलाच्या लग्नाला डीजे लहान का?" असे मोठे काका पारावर विचारतीलच. लेकीने ठरवले, असे बेलाशक सांगा. गावात तसाही माझा लौकिक शहाणी म्हणूनच आहे, त्यात आणखी थोडी भर पडली तरी चालेल.

इसाराचे पाच हजार आईच्या डब्यात असतील, तर त्यांतून हलगीवाल्यांना एक हजाराची सुपारी या आठवड्यातच द्यावी, कारण फेब्रुवारीत लग्नसराई आहे आणि चांगले ताफे लवकर अडकतात. बाबा, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांचे एक पाकीट पत्रासोबत पाठवते आहे. हळदीत नाच सुरू झाला की मशीन काढून खिशात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या आधी नवी बॅटरी घालून लावा. मी तुमच्या शेजारीच उभी असेन.

तुमची लेक,
ताई