चि. बाळास पत्र : तू सेवा थांबवू नकोस

सोलापूर

चि. बाळास,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

दवाखान्यात जेवण वाटायला तरुण संघाबरोबर यापुढे जाणार नाही, असं तू काल फोनवर म्हणालास. "आई, ग्रुपवर माझा फोटो नसला की मला वाईट वाटतं. असल्या मनाची सेवा देवाला कशाला हवी?" हे ऐकून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

स्वतःचं मन तुला दिसलं, हे चांगलंच झालं. पण त्यावरचा तुझा उपाय मला पटत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून बघ. लोकांनी पाहावं म्हणून दानधर्म करू नका, असं प्रभू सांगतो. पण दानच थांबवा, असं सांगत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको, म्हणतो. थांबवायचा तो गाजावाजा, बाळा. भुकेल्याचं ताट कशाला मागे घ्यायचं?

पुण्याला जाताना तुझी गाडी केडगाववरून जाते. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचा आश्रम, आहे. 1883 साली त्या इंग्लंडमध्ये होत्या. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, हे पाहून त्यांना नवल वाटलं. असं का करता, म्हणून त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं, तेव्हा तिने प्रभू येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. कर्तव्य, पुण्य, नाव यांतलं काही तिने पुढे केलं नाही. लोक जिला तुच्छ मानत, त्या परक्या जातीच्या बाईशी प्रभू स्वतःहून कसा आपुलकीने बोलला, तेवढंच दाखवलं. सेवेचं कारण मला यापेक्षा चांगलं माहीत नाही.

त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. म्हणजे सदन सुरू झालं तेव्हा त्यांचं स्वतःचं मन अजून शोधातच होतं. आधी मन लख्ख होऊ दे, मग काम करू, असं त्या म्हणाल्या असत्या तर त्या मुलींनी कुठे जायचं होतं?

तू आणखी एक म्हणालास, की नाही गेलो तर देव नाराज होईल अशी धास्ती वाटते. ही धास्ती मात्र सोड. इफिसकरांस पत्रातला दुसरा अध्याय सावकाश वाच. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कर्मांनी नव्हे, हे प्रेषित पौल आधी सांगतो, सत्कृत्यांचं त्यानंतर. तुला काही फेडायचं नाहीये. प्रीती आधीच झालीय तुझ्यावर.

आपल्या भगिनी मंडळातल्या विड्या वळणाऱ्या बाया तुला ठाऊक आहेत. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, एक दुपार बुडाली तर त्या दिवसाचे पैसे कमी. तरी कुणी आजारी पडलं की डबा घेऊन पहिल्या त्याच पोचतात. एकीला मी विचारलं, तुला जमतं कसं? म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा चर्चची मंडळी माझ्याकडे आली होती ना." एवढंच बोलली आणि सूप मांडीवर ओढून पानं कापायला लागली.

तर या खेपेला जा, पण फोन खोलीवर ठेवून जा. जाण्याआधी दहा मिनिटं प्रार्थनेत बस, मन जसं आहे तसं प्रभूला सांग, फोटोचंसुद्धा सांग. तिथे सगळ्या वॉर्डात धावू नकोस. एका रुग्णाजवळ बस, नाव विचार, गाव विचार, सोबत कोण आहे ते विचार. त्याचं ऐकू लागलास की स्वतःकडे बघायला सवड उरत नाही.

सुट्टीत आलास की माझ्याबरोबर सिव्हिलला चल. अक्कलकोटकडची, सीमेपलीकडची कन्नड बोलणारी माणसं तिथे पेशंटसोबत येतात, औषधाची चिठ्ठी कुणाला दाखवावी हे त्यांना कळत नाही. तुला कन्नड येतं, मला तुटकंच येतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवते, परत जाताना ने. बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई