खोक्यावर भाळण्याआधी तबकडी तपासा

संपादक महोदय,

कल्ट भयपटांच्या ब्लू-रे तबकड्यांच्या मर्यादित आवृत्त्यांबद्दल लिहिताना सहसा खोक्याचंच कौतुक होतं. पैसे मात्र तबकडीत अडकतात.

आधी रीजन पाहा, म्हणजे तबकडी जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते. ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन रीजन असतात; युरोपातली बी-लॉक (फक्त बी रीजनच्या प्लेअरवर चालणारी) तबकडी अमेरिकेतल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. 4के यूएचडी (साध्या ब्लू-रेहून अधिक बारकाव्यांचं चित्र देणाऱ्या) तबकडीला रीजनची अडचण नाही, पण सोबतची ब्लू-रे लॉक असू शकते, आणि पुरवणीचं साहित्य बहुधा तिच्यावरच असतं.

मग स्कॅन, म्हणजे फिल्मवरून केलेली डिजिटल नक्कल. मूळ निगेटिव्हवरून केलेला आहे की जुनाच मास्टर (आधीच्या आवृत्तीसाठी केलेली प्रत) पुन्हा खपवलाय? चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले, तर ग्रेन (फिल्मचा नैसर्गिक रवाळपणा) पुसून टाकलेली आहे हे ओळखावं.

पार्सल आलं की सील जपत बसण्यापेक्षा परतीची मुदत संपायच्या आत चित्रपट अखेरपर्यंत चालवून पाहावा. डेटाचे तीन थर असलेली 100 जीबी तबकडी अडकलीच, तर बहुधा नेमकी थर बदलताना अडकते. अशा वेळी मऊ मायक्रोफायबरने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवून नव्हे. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाखाली जेमतेम 0.1 मिमीवर असतो (डीव्हीडीचा 0.6). त्यामुळे डीव्हीडीचे ओरखडे घासून काढणारं यंत्र इथे तबकडीच मारतं.

तबकडी काढताना खोक्यातला मधला खटका दाबावा. कड धरून वाकवली की भोकापाशी तडा जातो. स्लिपकव्हर (खोक्यावरचं पुठ्ठ्याचं आवरण) उन्हात ठेवलं, तर लाल रंग आधी उडतो. भयपटांची कव्हरं बहुतेक लालच!

– एक संग्राहक