आनंद, तू विचारलंस म्हणून

कोल्हापूर

प्रिय आनंद,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोलता आलं असतं, पण तू हाताने एवढं लिहिलंस तर उत्तरही तसंच द्यावंसं वाटलं. पुण्यातली कायम नोकरी, कर्ज फिटलेला फ्लॅट, इतक्या वर्षांची चर्चची मंडळी, सगळं सोडून नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या बाजूला मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून जायचं, तेही निम्म्याहून कमी पगारावर. आणि शेवटी तुझा प्रश्न, हे देवाचं पाचारण आहे की माझ्याच डोक्यातलं खूळ?

मी पाळक नाही. पण या प्रश्नापाशी मी बराच काळ बसलो आहे, म्हणून लिहितो.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाच. इस्राएल लोकांना यार्देन नदी ओलांडायची आहे, दिवस कापणीचे, नदी दुथडी भरलेली. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर धोका, हे इथे पोरासोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हा ते तांबडं पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे देवाच्या कराराचा कोश, म्हणजे ती पवित्र पेटी, वाहणारे याजक अशा पाण्याकडे चालत गेले हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. पाणी आधी थांबलं आणि मग ते उतरले, असं झालं नाही. त्यांचे तळपाय भिजले तेव्हा पाणी थांबलं. आणि थांबलं कुठे? दूर वरच्या अंगाला, आदाम नावाच्या गावापाशी. म्हणजे देवाचं काम जिथे चाललं होतं, ते ठिकाण काठावरच्या माणसांच्या नजरेतसुद्धा नव्हतं.

पण आनंद, हे वाचून उद्या कोणी पुरात उतरला तर तो बुडेल. याजक उतरले कारण त्यांना तशी आज्ञा मिळाली होती. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर घेऊन गेला आणि खाली उडी टाक म्हणाला, वर शास्त्रवचनही ऐकवलं. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढंच त्याने उत्तर दिलं. यार्देनेचे याजक आणि शिखरावर उभा असलेला येशू, दोघांचाही पित्यावर पूर्ण भरवसा होता. एका ठिकाणी त्या भरवशाने पाऊल टाकलं, दुसऱ्या ठिकाणी त्याच भरवशाने पाऊल मागे ठेवलं. आपल्याकडे साक्षी देताना फक्त पहिलीच गोष्ट सांगतात, याचं मला वाईट वाटतं. किती सोडलं यावरून विश्वास मोजायची सवय लागली की भोळी माणसं देवाने न मागितलेलंही सोडून बसतात आणि मग देवावरच रुसतात.

तेव्हा तू ‘सोडू का?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. तुला बोलावलंय का, कोणाकडे बोलावलंय, ते बघ. तू लिहिलंयस की तिथल्या माणसांनी स्वतःहून तुला दोनदा विचारलं, की तिथली मुलं दहावीच्या आधीच शाळा सोडतात कारण संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून गणित घेणारं कोणी नाही, की तू सुट्टीत तिथे राहून आलास तेव्हापासून प्रार्थनेत तीच मुलं समोर येतात. तू इतकी वर्षं गणित शिकवतोयस. मला यात खूळ दिसत नाही.

तरी एकट्याने ठरवू नकोस. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, आपापलं सामान बांधून निघालेले नाहीत. अंत्युखियात सगळे मिळून उपासात, उपासनेत असताना आत्म्याने सांगितलं, मग पुन्हा उपास-प्रार्थना झाली, हात ठेवले गेले आणि मंडळीने त्यांना पाठवलं. तू अजून पाळकसाहेबांच्या आणि वडीलजनांच्या कानावर घातलं नाहीस, हे मला पटलं नाही. ते नको म्हणतील म्हणून भितोस का? म्हणू देत. त्यांची हरकत ऐकूनही ते बोलावणं मनात तसंच उभं राहतं का, ते तुलाही कळेल.

आणि वहिनींना विचार. ‘सांग’ नव्हे, ‘विचार’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल मला किती आदर आहे ते तुला माहीत आहे. पंचावन्न वर्षांचं वय, 1917 साल, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडायचा, याला छाती लागते. दोनच वर्षांनी ते गेले. पण त्यांची गोष्ट वाचताना माझं लक्ष त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जातं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत त्या बाईने जे भोगलं ते तिने निवडलेलं नव्हतं. त्या पुढे स्वतःच्या विश्वासाने उभ्या राहिल्या ही देवाची कृपा, पण नवऱ्याच्या पाचारणाची किंमत बायकोने न विचारता भरावी, हे मी कधीच मान्य करणार नाही. वहिनींची नोकरी आहे, लेक नववीत आहे. त्यांनाही गुडघे टेकून यावर प्रार्थना करू दे.

आईंची काळजी तू सगळ्यात जास्त लिहिली आहेस. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याकोब आणि योहान बाप जब्दीला सोडून येशूमागे गेले, हे आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. पण मार्क आणखी एक गोष्ट नोंदवतो, जब्दी तारवात मजुरांबरोबर राहिला. म्हातारा एकटा नव्हता, हाताखाली माणसं होती. मला या एका तपशिलाने फार धीर दिला आहे. तुझ्या बहिणीकडे आई राहायला तयार आहेत का, त्यांची बीपीची औषधं, डॉक्टर, हे सगळं नीट लावून जाणं म्हणजे अविश्वास नाही.

माझ्याबद्दलही विचारलं आहेस. माझं सोडणं तुझ्याइतकं मोठं नाही. इथल्या वाइल्डर मेमोरियल चर्चमधला ठरलेला बाक, गायनमंडळ, नाताळची तयारी, यात माझं आयुष्य सुखात चाललं होतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि नेमकं तेच पुढे आलं. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक रात्रभर बसून असतात. आमच्यातल्या एका आजींनी मला विचारलं, “तू संध्याकाळी मोकळाच असतोस, जाशील का त्यांच्यात?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मी जातो. अजूनही गेटपाशी छातीत धडधडतं. तिथे फार काही करावं लागत नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून सांगायचं, कुठला वॉर्ड कुठे आहे ते दाखवायचं, गरम पाणी आणून द्यायचं, शेवटची एसटी किती वाजता आहे ते सांगायचं. “तुम्ही कोण, कशाला आलाय?” असं विचारलं की खरं सांगतो, चर्चमधून आलोय, काही मदत लागली तर. कोणी म्हणालं तरच प्रार्थना करतो, आणि तीही त्यांच्या माणसाचं नाव घेऊन, छोटी. आजऱ्याकडच्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, “तुमच्या देवाला माझं नाव आधी सांगा, मग दुखणं.” माझी भीती गेली नाही, आनंद. ती असतानाही जाता येतं, आणि तिथे गेल्यावर देव माझ्याआधीच पोहोचलेला असतो, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. बाकावर बसून हे मला कळलं नव्हतं.

ज्या वाइल्डरसाहेबांच्या नावाचं आपलं चर्च, ते अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये इथे आले. पुढे त्यांना पाठवणाऱ्या मिशन संस्थेने पाठबळ काढून घेतलं, तरी 1861 मध्ये ते पुन्हा इथेच परतले, आणि 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाने हे काम हाती घेईपर्यंत मागे कुठलीही संस्था नसताना राहिले. कोणाच्या तरी अशा मुक्कामामुळे तू आणि मी एका बाकावर वाढलो. तिकडच्या मुलांचा विचार करताना हे माझ्या मनात येतं.

तिथे गेल्यावर सगळं सुरळीत होईल असं मी म्हणणार नाही. अब्राहाम देवाने दाखवलेल्या देशात पोहोचला, आणि त्याच अध्यायात तिथे दुष्काळ पडला. पगार पुरणार नाही, लेक रुसेल, पावसाळ्यात रस्ते बंद होतील. तेव्हा ‘मी चुकलो’ असं लगेच ठरवू नकोस.

आता माझं ऐक. राजीनामा लगेच देऊ नकोस. आधी बिनपगारी रजा मिळते का विचार, वर्षभराची मिळाली तर उत्तम. येत्या रविवारी पाळकसाहेबांना भेट. दिवाळीच्या सुट्टीत वहिनी आणि लेकीला घेऊन तिकडे जा, शाळा बघा, दवाखाना किती लांब आहे ते बघा. मीही येतो, रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, फक्त तारीख कळव. नंदुरबारपर्यंतची तिकिटं मी काढतो. तोवर इथे रोज पहाटे तुझं, वहिनींचं आणि आईंचं नाव घेतोय.

आईंना सलाम, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश