वशिल्याचा कर्नल

देवळाली कॅम्प

चि. अमेयास अनेक आशीर्वाद.

परवा कॅन्टीनमध्ये कुणीतरी 'हा वरून आलाय' म्हणालं आणि तू ताट तसंच ठेवून उठलास. रात्री फोनवर मला विचारलंस, "बाबा, तुम्ही शब्द टाकला होता का?" मी आईच्या गुडघ्यांवर विषय नेला. आता लिहूनच सांगतो. टाकला होता. माझ्या जुन्या युनिटमधले एक साहेब तिथे वरच्या जागेवर आहेत, त्यांना दोनदा फोन केला. आईला हे अजून माहीत नाही.

आम्ही तोफखान्यातली माणसं, आमचे दाखलेही तोफांचेच. रशियात अलेक्झांडर कुतायसोव नावाचा जनरल होऊन गेला, जन्म १७८४. त्याचा बाप इवान हा तुर्कांशी झालेल्या लढाईत धरून आणलेला पोर. राजपुत्र पावेलच्या पदरी राहिला, त्याची दाढी करायचा. १७९६ मध्ये पावेल झार झाला आणि या न्हाव्याचं नशीब असं फळफळलं, की १७९९ मध्ये तो काउंट झाला. त्याच वर्षी त्याचं हे पोरगं गार्ड्सच्या तोफखान्यात कर्नल! पंधरावं वर्ष चालू होतं. मिसरूड फुटायच्या आधी. आमच्याकडे त्या हुद्द्यापर्यंत केस पिकतात. तेव्हा त्या बराकीत काय काय बोललं गेलं असेल, ते तुझ्या कॅन्टीनवरून ताड.

१८०१ च्या मार्चमध्ये पावेलचा त्याच्याच महालात खून झाला. बापाचं वजन एका रात्रीत गेलं. पोरगा मात्र नोकरीत राहिला, गणित आणि तोफांची विद्या घेऊन बसला. बाविसाव्या वर्षी मेजर जनरल झाला, तोवर लढाई पाहिलेली नव्हती. ती त्याच वर्षाच्या हिवाळ्यात पाहिली.

फेब्रुवारी १८०७ मध्ये पूर्व प्रशियातल्या आयलावला बर्फात नेपोलियनशी गाठ पडली. रशियनांची डावी बगल कोसळत होती. कुतायसोवने उजवीकडच्या घोडतोफखान्याच्या तीन तुकड्या, ३६ तोफा, तिकडे दौडत पाठवल्या. त्यातली एक तुकडी कर्नल येर्मोलोवची. त्याने तोफा लावल्या आणि तोफा ओढणारे घोडे चक्क मागे पाठवून दिले, म्हणजे माघारीचा विचारच नको. बगल वाचली. पुढे सेंट जॉर्जचा तिसऱ्या वर्गाचा मानाचा क्रॉस मिळाला तो कुतायसोवला, येर्मोलोवला त्याहून खालचं पदक. येर्मोलोवने आठवणींत लिहून ठेवलंय, की हा गृहस्थ माझ्या तोफांपाशी निव्वळ कुतूहलाने आला होता! अमेय, मला येर्मोलोवचा राग समजतो. तो चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. तुझ्या कॅन्टीनमधला तो माणूसही कदाचित कुणाचा तरी येर्मोलोव असेल. त्याच्याशी बोल.

पण कुतायसोव क्रॉस मिरवत बसला नाही. चालू नोकरीत रजा काढून व्हिएन्ना आणि पॅरिसला गेला, जनरल असून पुन्हा विद्यार्थी झाला. तटबंदीचं शास्त्र, गणित, शिवाय तुर्की आणि अरबी. बापाची भाषा त्याला परक्या मुलखात शिकावी लागली, याचं मला नेहमी काहीतरी वाटतं.

परतल्यावर मैदानी लढाईत तोफा कशा वापराव्यात याचे नियम त्याने लिहिले. ते वाचताना मला आमचे उस्ताद आठवले. ५०० साझेन, म्हणजे साधारण एक किलोमीटर, याच्या पलीकडे गोळा लागेलच याचा भरवसा नाही. ३०० वर बऱ्यापैकी, २०० आणि १०० वर प्राणघातक. म्हणून शत्रू लांब असताना सावकाश डागा, नेम बसवायला वेळ घ्या. जवळ येईल तसा वेग वाढवा आणि शेवटी जेवढ्या झपाट्याने जमेल तेवढ्या. लांबून नुसता धूर आणि आवाज करणाऱ्यांचं त्याच्याकडे काही चालत नव्हतं.

१८१२ मध्ये नेपोलियन रशियात घुसला. मॉस्कोजवळच्या बोरोदिनोच्या लढाईच्या आदल्या दिवशी तो रशियाच्या पहिल्या सैन्याच्या तोफखान्याचा प्रमुख. तोवर तोफ गमावणं ही मोठी नामुष्की, त्यामुळे तोफची लवकर काढता पाय घेत. याने हुकूम काढला, की शत्रू तोफांवर मांड ठोकून बसेपर्यंत जागा सोडायची नाही. छर्ऱ्यांचा शेवटचा बार अगदी तोंडावर उडवा, मग तोफांसकट पकडले गेलात तरी चालेल. गेलेल्या तोफेचा डाग त्याने आधीच पुसून टाकला. वरिष्ठाने असं म्हणायला छाती लागते. माझ्या नोकरीत असं म्हणणारा एकच भेटला.

दुसऱ्या दिवशी मात्र चुकला. येर्मोलोवला डाव्या बगलेकडे पाठवलं, तर हाही त्याच्याबरोबर निघाला. येर्मोलोव नको म्हणत होता. वाटेत रशियन जनरल रायेव्स्कीची तटबंदी फ्रेंचांच्या हाती गेलेली दिसली. दोघांनी पायदळाची बटालियन हाताशी धरून ती परत घेतली आणि त्या धुमश्चक्रीत कुतायसोव गेला. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. घोडा रक्ताळलेल्या खोगिरासह परत आला, देह सापडलाच नाही. रशियनांकडे त्या दिवशी सहाशेच्या वर तोफा होत्या. राखीव तोफा कुठे लावायच्या हे सांगणाराच गेला, म्हणून त्यातल्या कित्येक वेळेवर कामी आल्या नाहीत, असा ठपका पुढे येतच राहिला. मला तो पटतो. प्रमुखाने आपली जागा सोडायची नसते. पण आयुष्यभर 'न्हाव्याचा पोर' ऐकलेल्या माणसाचे पाय त्या तटाकडे का वळले असतील, याचा विचार मी अनेकदा केलाय. तू असलं काही सिद्ध करायला धावू नकोस. रात्रपाळ्या मागून घेतल्यास म्हणे. आठवड्याला दोन पुरेत.

त्या साहेबांना काल तिसरा फोन केला. अमेयच्या बढतीत, बदलीत, पगारात माझ्यासाठी काही करू नका, म्हणून सांगितलं. ते हसले. म्हणाले, "उशीर केलात, त्याने स्वतःच येऊन हे सांगितलंय मागच्या महिन्यात."

मला का नाही सांगितलंस रे?

तुझे बाबा