दुर्मीळ अंक आणि पुस्तकाची जतनाच्या नावाखाली केलेली नासधूस : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
दस्तऐवज जतन व स्कॅनिंग कंपनी, पुणे

विषय : 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकी नियतकालिकाचा १ मार्च १९४१ चा अंक व 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या पुस्तकाची जुनी प्रत यांचे झालेले नुकसान, आणि त्यातील खासगी नावे जाहिरातीत वापरल्याबाबत.

महोदय,

वरील दोन्ही वस्तू मी आपल्याकडे स्कॅनिंग आणि जतनासाठी दिल्या होत्या. कागदाला हात लावण्याआधी मला विचारावे, असे मी पावतीवर लिहून दिले होते आणि त्याखाली आपल्या कर्मचाऱ्याची सही आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. मला कोणीही विचारले नाही.

आधी अंकाविषयी. दारू सुटलेल्या माणसाने दुसऱ्या दारुड्याला हात द्यायचा, या साध्या तत्त्वावरची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून उभी राहिली. पुढची काही वर्षे ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती. मग या अंकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला आणि न्यूयॉर्कच्या छोट्याशा कार्यालयात मदत मागणाऱ्या पत्रांचा ढीग पडला. त्या वर्षाच्या सुरुवातीला सुमारे २,००० असलेले सदस्य वर्षाअखेरीस ८,००० च्या घरात गेले. म्हणून हा अंक जपायचा, आणि जपायचा तो अख्खा. चित्रकार नॉर्मन रॉकवेलच्या मुखपृष्ठासकट, जाहिरातींसकट, जसा तो १९४१ मध्ये एखाद्या घराच्या दारात येऊन पडला असेल तसा.

आपण पिना काढून अंक सुटा केला, लेखाची पाने तेवढी वेगळी काढली आणि त्यांना गरम लॅमिनेशन केले. मुखपृष्ठ दुमडून पाकिटात सरकवले आहे. बाकीची पाने आलीच नाहीत. फोनवर उत्तर मिळाले की 'ती लेखाशी संबंधित नव्हती.' ती माझी पाने आहेत. ती कुठे आहेत, हे मला कळले पाहिजे.

लॅमिनेशनविषयी आपल्या पर्यवेक्षकांनी सांगितले की सरकारी अभिलेखागारातही लॅमिनेशन होत आले आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने वापरलेली पद्धत सेल्युलोज अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोनची होती. तिथे सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म अ‍ॅसिटोन या द्रावकाने कागदावर बसवतात, उष्णता लागत नाही आणि अ‍ॅसिटोननेच तो थर पुन्हा उतरवता येतो. आपण ओळखपत्राला करतात ते लॅमिनेशन केले आहे. त्यातला डिंक उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो काढायला गेले की कागदही सोबत येतो. त्या काळच्या नियतकालिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, मुळात आम्लयुक्त. ते आम्ल आता प्लॅस्टिकच्या आत कोंडले गेले. जतनाचा पहिला नियम असा की आज केलेले काम उद्या उलटवता आले पाहिजे. जपानी टिश्यू (अगदी पातळ कागद) आणि गव्हाच्या खळीने फाटके पान जोडतात ते याचसाठी. जतनाचे काम करणाऱ्या कंपनीला हे मी समजावून सांगावे लागते, याचा मला संताप येतो.

पुस्तकाचे झाले ते याहून वाईट. चळवळीचेच नाव असलेले तिचे हे मूळ पुस्तक १९३९ च्या एप्रिलमध्ये आले. १९५४ पर्यंत पहिल्या आवृत्तीची १६ मुद्रणे झाली. पहिल्या मुद्रणाची लाल बांधणीची प्रत माझ्या ऐपतीबाहेर आहे. माझी प्रत चाळिशीच्या दशकातली, पण लाल-पिवळ्या-काळ्या जॅकेटसकट, म्हणजे वरच्या कागदी वेष्टणासकट. आपण त्या जॅकेटच्या कडा कापून सरळ केल्या आणि ते पुठ्ठ्यावर चिकटवून टाकले.

आणि पानांवरचे पेन्सिलचे लिखाण खोडरबरने पुसले. बिलात याला 'स्वच्छता' म्हटले आहे. दारू सोडण्यासाठी या चळवळीने बारा पायऱ्या सांगितल्या आहेत; पाचव्या प्रकरणात त्यातल्या चौथ्या पायरीचा, म्हणजे स्वतःच्या मनाचा झाडा घेण्याचा, नमुना तक्ता आहे : राग कोणावर, कशामुळे, त्याने माझ्यात काय दुखावले. त्या तक्त्याच्या समासात पूर्वीच्या मालकाने बारीक अक्षरात स्वतःची यादी केली होती. कोणा अनोळखी माणसाने दारू सोडताना मनातले सगळे तिथे उतरवले होते. छापील पुस्तक आजही कुठेही मिळते. मी पैसे मोजले होते ते त्या समासासाठी. आता तिथे नुसता पांढुरका डाग आहे.

एक गोष्ट मात्र आपण पुसली नाही. आतल्या कोऱ्या पानावर एका गटाच्या सदस्यांनी पूर्ण नावांनिशी सह्या केल्या आहेत. त्याच पानाचा फोटो आपण 'आमचे काम' म्हणून जाहिरातीत छापला. या चळवळीत नाव गुप्त ठेवणे ही शिस्त आहे. वृत्तपत्रे, आकाशवाणी, चित्रपट यांत सदस्याचे नाव येऊ नये, असे त्यांची अकरावी परंपरा (चळवळीच्या बारा तत्त्वांपैकी एक) सांगते. चळवळीचे स्वतःचे अभिलेखागार मृत सदस्यांची नावेही उघड करत नाही. त्या माणसांची नातवंडे आज हयात असतील. माझ्या परवानगीचा प्रश्न तर आहेच, पण ती परवानगी देण्याचा अधिकार मलाही नव्हता.

माझ्या मागण्या अशा :

ती जाहिरात आजच सगळीकडून काढावी आणि तसे लेखी कळवावे. अंकाची उरलेली पाने शोधून, आहेत त्या स्थितीत परत करावीत. त्यांना पुन्हा हात लावू नये. कामापूर्वी काढलेले मूळ स्कॅन, आकार कमी न करता, मला द्यावेत आणि आपल्याकडच्या प्रती नष्ट कराव्यात. पेन्सिलचे लिखाण त्या स्कॅनमध्ये वाचता येत असेल, तर तेवढाच काय तो आधार उरला आहे. म्हणून ही मागणी मी पैशाच्या आधी लिहिली आहे. संपूर्ण बिलाची रक्कम परत करावी, आणि मी निवडलेल्या तज्ज्ञाकडून जॅकेट सोडवून घेण्याचा खर्च सोसावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन.

आपला,
(सही)

सोबत : पावतीची व बिलाची प्रत, देण्यापूर्वी घरी काढलेले दोन्ही वस्तूंचे फोटो, जाहिरातीची प्रत (नावे झाकून).