छावा वाचून झाली, आता पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ मधे छावा सिनेमा आला तेव्हापासून आमच्या ओळखीतली बरीच तरुण मुलं शिवाजी सावंतांची कादंबरी वाचायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती संपली की मुलं विचारतात आता पुढे काय वाचू, आणि आपण मोठी माणसं तीच दोन नावं सांगतो, श्रीमान योगी आणि स्वामी. पुस्तकं उत्तमच आहेत, त्यात वाद नाही, पण नुसती नावं सांगण्यापेक्षा कुठल्या क्रमाने वाचायचं तेही सांगितलं तर गोडी खूप वाढते असा माझा अनुभव आहे, म्हणून हे पत्र.

पेशवाईवरच्या कादंबऱ्या घटनांच्या क्रमाने वाचून बघा. आधी ना. सं. इनामदारांची राऊ, म्हणजे थोरल्या बाजीरावांचा काळ, १७४० पर्यंत. मग विश्वास पाटलांची पानिपत आणि त्यानंतर रणजित देसाईंची स्वामी. खरं तर स्वामी १९६२ ची आणि पानिपत १९८८ ची, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांनी उलट्या क्रमाने वाचली, पण पानिपतावर एक अख्खी पिढी कशी संपली ते ताजं ताजं वाचलेलं असेल ना, तर स्वामीतला सोळा वर्षांचा माधवराव गादीवर बसतो तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला आधीच माहीत असतं, डोक्यावर कर्ज, बाहेर निजाम टपलेला आणि घरात सत्तेवर डोळा असलेले काका राघोबादादा. आणि १७७२ मधे थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी तो जातो ते वाचताना पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं.

इथून पुढे माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव याचा खून, राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचं बारभाई मंडळ, नाना फडणीस हा मोठा टप्पा आहे, त्यासाठी सरदेसायांचा मराठी रियासत हा इतिहासग्रंथ चाळा.

मग परत इनामदार, आणि माझा खरा आग्रह इथेच आहे. राऊचं नाव बाजीराव मस्तानी सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालं पण झुंज, झेप, मंत्रावेगळा या तीन कादंबऱ्या आज किती जण वाचतात? झुंज यशवंतराव होळकरांवर आहे. त्यांचा भाऊ विठोजी याला पुण्यात १८०१ मधे हत्तीच्या पायी दिलं, पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. हे सगळं वाचून बाजीरावाचा भयंकर राग येतो. आणि मग मंत्रावेगळा हातात घ्यायची, तिचा नायकच हा दुसरा बाजीराव! ज्याला आपण शाळेपासून पळपुटा म्हणत आलो त्याची कोंडी, त्याची भीती, १८१८ मधे राज्य जाणं, पुढचं ब्रह्मावर्ताचं, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरचं आयुष्य. माणूस तोच, लेखकही तोच, पण दोन पुस्तकांत दोन बाजूंनी बघितलेला. दोन्ही वाचून झाली की आपण कुणाबद्दलही झटकन निकाल देत नाही, निदान माझं तरी तसं झालं. या दोन्हींच्या मधे झेप वाचायची, ती दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर, ज्यांच्यावर १८१५ मधे पंढरपूरला झालेल्या बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका आला आणि जे ठाण्याच्या किल्ल्यातून इंग्रजांच्या कैदेतून निसटले.

सगळं झालं की नंदा खऱ्यांची अंताजीची बखर वाचा. इतका वेळ आपण वाड्यात आणि दरबारात असतो, तिथे एक साधा माणूस बंगालपर्यंत फिरून येतो आणि प्लासीपर्यंतचा काळ त्याच्या नजरेतून दिसतो. मला तर ती फार म्हणजे फार आवडते.

आता एक विनंती. कादंबरीतला संवाद व्हॉट्सअ‍ॅपवर पुरावा म्हणून फिरतो आणि दुसरीकडे काही जण कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे म्हणून तिला हातच लावत नाहीत. दोन्हीवर उपाय प्रकाशकांच्या हातात आहे. श्रीमान योगीला नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, पत्राच्या रूपातली, ती वाचून मी पहिल्यांदा इतिहासाची साधनं, म्हणजे जुनी पत्रं, बखरी, कागदपत्रं, म्हणजे काय, त्यातलं विश्वासार्ह कुठलं याचा विचार करायला लागलो. तसं प्रत्येक नव्या आवृत्तीत द्या ना, शेवटी चार पानं, कुठल्या घटनेला कागदपत्रांचा आधार आहे आणि लेखकाची कल्पना कुठे सुरू होते, शिवाय एक नकाशा आणि घराण्याची वंशावळ. पानिपत वाचताना यमुनेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण हेच लक्षात राहत नाही.

आणि तुम्ही रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आणि तिच्या जोडीला त्याच विषयावरचं एक इतिहासाचं पुस्तक, असं छोटं सदर सुरू करा. पानिपतबरोबर इतिहासकार शेजवलकरांचं पानिपतच्या लढाईवरचं पुस्तक, अशी पहिली जोडी मी सुचवतो.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा